वढूचा एक मुक्काम

पुण्याहून नगरच्या रस्त्याने निघालेल्या माणसाला वढू बुद्रुक वाटेत लागत नाही. ते मुद्दाम गाठावे लागते. वाघोली, लोणीकंद, पेरणे अशी गावे मागे टाकावीत, भीमेवरचा पूल ओलांडून कोरेगावात शिरावे आणि तेथे मोठा रस्ता सोडून डाव्या हाताला वळावे. मग तीन-चार किलोमीटरांत गाव येते. बुद्रुक म्हणजे थोरले. धाकटे वढू, म्हणजे वढू खुर्द, नदीपलीकडे हवेली तालुक्यात राहिले. हे थोरले शिरूर तालुक्यातले.

या गावी मी पूर्वी तीन-चार वेळा गेलो होतो, तो संभाजी महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला. सकाळी जावे, हात जोडावे, तुळापूरचा संगम पाहावा आणि दिवेलागणीला पुण्यात परत यावे, असा आम्हा पुणेकरांचा रिवाज. गावात रात्र काढण्याचा योग गेल्या वर्षी आला, आणि तोही माझ्या दाजींमुळे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ढोलकी, तबला, पखवाज, जे चामडे हाती लागेल ते वाजवणारा माणूस. नोकरी एका कारखान्याच्या भांडारात, पण जीव सगळा बोटांत. लग्नसराईत ऑर्केस्ट्रात, गणपतीत मेळ्यात, श्रावणात भजनात. कार्यक्रम संपला की 'बैठक' बसे, आणि त्या बैठकीत गाणे नसे. पहिली काही वर्षे आम्ही सगळेच म्हणत होतो की कलावंत माणूस आहे, चालायचेच. हे 'चालायचेच' आपल्याकडे फार महागात पडते. पुढे नोकरी गेली. अक्काच्या पाटल्या गेल्या. शेवटी पाच आठवडे एका व्यसनमुक्ती केंद्रात काढून दाजी घरी आले, त्याला दोन महिने झाले होते. पखवाज जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला होता आणि त्याकडे ते मान वर करून पाहतही नसत.

अक्का मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्यांना चार दिवस कुठेतरी बाहेर ने रे. पण जिथे वाजवायला बसवतील तिथे नको."

तिचे भय खोटे नव्हते. तिच्या घरात वाद्य आणि बाटली या दोन वस्तू एकाच पिशवीतून आल्या होत्या. मी विचार करून वढू निवडले. माझ्याबरोबर नोकरी केलेले एक गुरुजी निवृत्तीनंतर तेथे शेती पाहतात. मोकळी हवा, ऊस, नदी, समाधी. वाजवण्याचा प्रश्नच नाही! कोजागिरी होऊन चार दिवस झाले आहेत आणि कार्तिकी पौर्णिमेपर्यंत गावोगाव पहाटेचा काकडा चालतो, एवढी साधी गोष्ट माझ्या शहरी डोक्यात आली नाही.

बस येरवड्यात आली तेव्हा दाजी खिडकीतून बाहेर पाहत होते. ह्याच येरवड्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी 'मुक्तांगण' सुरू झाले. त्या सुमारास 'गर्द' नावाच्या विषाने पुण्या-मुंबईची तरुण पोरे पटापट गिळायला सुरुवात केली होती. डॉ. अनिल अवचटांनी त्यावर लिहिले, ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, पुलंच्या प्रतिष्ठानने एक लाख रुपये देऊ केले, आणि येरवड्याच्याच मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचटांनी त्या संस्थेचा संसार मांडला. अनिताबाई १९९७ साली गेल्या, अवचट २०२२ साली. अवचट स्वतः बासरी वाजवीत, गात, कागदाच्या घड्या घालून पक्षी करीत. तेथे येणाऱ्याला रोगी न म्हणता 'रुग्णमित्र' म्हणतात, आणि औषध व समुपदेशन यांच्या जोडीला योगासने, गाणे, चित्रे यांनाही जागा आहे. आता अशी केंद्रे पुष्कळ झाली आहेत आणि बहुतेक ठिकाणी गाण्याचा एक तास असतो.

"तुमच्या तिथे होता का हो गाण्याचा तास?" मी सहज विचारले.

"होता. मी मागे बसायचो."

"का बरे?"

"ज्यांनी कधी गाणं केलं नाही, त्यांना बरं वाटायचं. माझं तसं नाही. तोडा वाजला की मला पुढचं सगळं आठवतं. ग्लाससकट."

मी गप्प बसलो. वाघोलीच्या पुढे रस्ता थोडा मोकळा झाला.

वढूला पोचल्यावर आधी समाधीवर गेलो. आता तेथे मोठे स्मारक उभारण्याचे काम शासनाने हाती घेतले आहे, आणि फाल्गुनातल्या अमावास्येला पुण्यतिथीस रीघ लागते. आम्ही गेलो त्या दिवशी मात्र पाच-दहाच माणसे होती. १६८९ च्या फेब्रुवारीत संगमेश्वरी महाराज पकडले गेले. त्यांच्याबरोबर कवी कलशही होते. त्यांना राज्यात 'छंदोगामात्य' असे पद होते. छंद जाणणारा अमात्य! असे पद असलेला दरबार दुसरा मला ठाऊक नाही. महाराज स्वतः संस्कृतात 'बुधभूषण' लिहिणारे. हाल हाल करून ११ मार्च १६८९ रोजी दोघांनाही मारले, आणि वढूच्या माणसांनी जिवावर उदार होऊन महाराजांचे अंत्यसंस्कार केले, अशी गावाची परंपरा. त्या संस्कारांशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या गोविंद गोपाळांची समाधीही गावातच आहे.

दाजी बराच वेळ उभे होते. मग हळूच म्हणाले, "लहानपणी आमच्याकडे एक नाटक झालं होतं. त्यात महाराजांच्या हातात पेला दिला होता."

मला ते नाटक माहीत नाही, पण तसली नाटके पुष्कळ झाली हे खरे आहे. त्याचे मूळ बखरीत. मल्हार रामराव चिटणिसांची बखर महाराजांच्या मागे सव्वाशे वर्षांनी लिहिलेली, आणि लिहिणाऱ्याच्या पूर्वजाला, बाळाजी आवजींना, महाराजांनीच देहान्त शासन केलेले. अशा लेखणीतून जो संभाजी उतरला तो व्यसनी आणि रंगेल. नाटककारांना तो सोयीचा वाटला, आणि पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी तो खरा मानला. तो डाग धुण्यासाठी वा. सी. बेंद्रे यांनी आयुष्यातली कितीतरी वर्षे दप्तरे चाळली. त्यांचे चरित्र १९६० साली आले. डॉ. कमल गोखल्यांचे १९७१ साली. म्हणजे खोटा ठपका पुसायलाही पावणेतीनशे वर्षे लागली.

"आणि माझा तर खरा आहे," दाजी म्हणाले.

यावर काय बोलावे ते मला सुचले नाही. एवढे लक्षात आले की दारू सोडलेल्या माणसाला सर्वांत जास्त काय सलते, ते त्यांनी मला सांगितले होते. पिणे संपले, नाव संपत नाही. गल्लीत किराणावाला उधार देत नाही, लग्नात कोणी शेजारी बसत नाही, सासुरवाडीत पुतण्याला काकांबरोबर बाहेर पाठवीत नाहीत. 'दारुडा' हा शब्द काढून घेतला तर त्या जागी दुसरे काय ठेवायचे, हे कोणी सांगत नाही.

संध्याकाळी गुरुजींच्या ओट्यावर चहा झाला. शिवारात ऊस उभा होता. कोरेगाव, सणसवाडी, शिक्रापूर या पट्ट्यात कारखाने आल्यापासून इकडच्या गावांची चाकोरी पालटली आहे. भाड्याच्या खोल्या, लांबून आलेली कामगार पोरे, हातात रोख पगार, आणि हमरस्त्याला लागून दारूची दुकाने. गुरुजी म्हणाले, "पूर्वी गावात पिणारे मोजून सांगता येत होते. आता न पिणारे मोजतो." हे थोडे अतिशयोक्तीचे असावे, गुरुजींना अशी वाक्ये करण्याची जुनी खोड आहे.

आठ वाजता ते म्हणाले, "चला, देवळात भजनाला." मी दाजींकडे पाहिले. त्यांनी मान खाली घातली, पण उठले.

सभामंडपात पंधरा-सोळा माणसे बसली होती. भिंतीवर ज्ञानोबा-तुकोबांच्या तसबिरी आणि एका कोपऱ्यात गाडगेबाबांची. पखवाजी नव्हता. त्याची कारखान्यात दुसरी पाळी होती. त्याच्या जागी आठवी-नववीतला एक पोरगा बसला होता आणि मनापासून वाजवत होता, पण दुसऱ्या अभंगाला लय पळू लागली. टाळकरी एकमेकांकडे पाहू लागले. माझ्या शेजारी दाजींची बोटे गुडघ्यावर हलत होती. ती त्यांनी दुसऱ्या हाताने दाबून धरली.

गुरुजींनी, नको तेव्हा बोलण्याच्या आपल्या स्वभावाला अनुसरून, जाहीर केले, "हे पाहुणे पखवाज वाजवतात बरं का!"

"नाही नाही," दाजी एकदम म्हणाले. "सोडलंय आता."

मंडपात क्षणभर सगळे थांबले. 'सोडलंय' या शब्दाचा अर्थ तेथल्या चार-पाच जणांना कळला असावा. विणा गळ्यात घेतलेले म्हातारे आबा काही बोलले नाहीत. त्यांनी टाळांची एक जोडी उचलली आणि दाजींच्या पुढे ठेवली, बस्स. टाळ नाकारता येत नाही. दाजींनी दोरी बोटांत गुंडाळली. त्यांच्या हाताला अजून किंचित कंप होता; मला तो दिसत होता, आणि पहिल्या दोन आवर्तनांत ऐकूही आला. मग तो इतरांच्या टाळांत बुडाला.

भजन आटोपल्यावर आबा आमच्याजवळ येऊन बसले. सत्तरीचे असतील. गळ्यात तुळशीची माळ.

"पाहुणे, किती महिने झाले?" त्यांनी थेट विचारले.

"घरी येऊन दोन."

"माझी अकरा वर्षं. पण सलग नव्हेत. मधे तीनदा घसरलो."

वाचकांपैकी ज्यांचा वारकरी मंडळींशी संबंध नसेल त्यांच्यासाठी सांगतो. माळ घालणे ही नुसती गळ्यात मणी घालण्याची गोष्ट नाही. त्या दिवसापासून दारू आणि मांस वर्ज्य, एकादशी पाळायची, वारी करायची. चुकले तर 'माळ तुटली' म्हणतात. महाराष्ट्रात व्यसनमुक्तीचा शब्दसुद्धा निघाला नव्हता तेव्हापासून खेड्यातल्या माणसाला दारूतून बाहेर पडण्याची ही एक वाट होती. तिचा दोष हाच, की माळ तुटलेला माणूस लाजेने देवळाची पायरी चढत नाही, आणि पायरी चढला नाही की गुत्त्याची वाट जवळची होते.

आबा म्हणाले, "पहिल्यांदा घसरलो तेव्हा मीच माघारी फिरलो. चौथ्या दिवशी तेव्हाचे विणेकरी घरी आले. म्हणाले, टाळाची एक जोडी रिकामी राहिलीय, उद्यापासनं या. दुसरा शब्द नाही. दारूचं नावसुद्धा काढलं नाही."

"म्हणजे भजनाने दारू सुटली म्हणायची," मी म्हटले.

आबा हसले. "नाही हो. ती सरकारी दवाखान्यात सुटली. तीन दिवस मला भिंतीवर मुंग्या दिसत होत्या. तिथं भजन काय करणार? सुटल्यावर संध्याकाळी सात ते दहा काय करायचं, ते इथं कळलं."

हे म्हाताऱ्याचे बोलणे मला फार नेमके वाटले. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी बंद केली तर पहिल्या दोन-चार दिवसांत हातपाय कापतात, झटके येतात, भास होतात, आणि वैद्यकीय मदत नसेल तर जीवही जाऊ शकतो. तेथे डॉक्टरच हवा. गाण्याचे काम त्यानंतर सुरू होते. ते काय काम आहे, याचा अभ्यास आता जगभर होतो आहे. व्यसनावरच्या उपचारांत संगीताची भर घालून केलेल्या २१ चाचण्या एकत्र तपासणारा एक आढावा २०२२ साली निघाला. त्यांत सुमारे दोन हजार माणसे होती. निष्कर्ष बेताचे आहेत. संगीताची जोड दिल्यास तलफ काहीशी कमी होते आणि उपचार पुढे चालू ठेवण्याची इच्छा वाढते असे दिसले. उदासी किंवा चिंता कमी होते असे मात्र स्पष्ट दिसले नाही. एका बैठकीपेक्षा अनेक बैठकींचा गुण अधिक. संशोधकांच्या भाषेत हे असे आहे. आबांच्या भाषेत, रोज यावे लागते.

आणि रोज येण्याची व्यवस्था जुन्या मंडळींनी कशी पक्की बांधली आहे पाहा! संध्याकाळी हरिपाठ आणि भजन, म्हणजे नेमकी पिण्याची वेळ गेली. कार्तिकात पहाटे चारला उठून काकडा, म्हणजे रात्री उशिरा बसण्याची सोय गेली. सप्ताह बसला की सात दिवस अखंड विणा. ती खाली ठेवायची नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायची. पहाऱ्याची यादी लागते आणि कोणाच्या वाट्याला रात्री दोनचा पहारा येतो. त्या वेळी तो माणूस आला नाही तर आधीचा विणा घेऊन तसाच उभा राहतो. कोणीतरी आपल्यासाठी ताटकळत उभे आहे, ही जाणीव व्यसनी माणसाला कित्येक वर्षांत झालेली नसते. त्याच्यासाठी घरची माणसे ताटकळत असतात, पण ती भीतीने. हे ताटकळणे निराळे.

पण सगळ्या गाण्यांची गोष्ट अशी नाही, हे अक्काला माझ्यापेक्षा जास्त कळत होते. अमेरिकेत लेक्सिंग्टन येथे व्यसनी माणसांसाठी सरकारी रुग्णालय होते. तेथे जाझ वाजवणारे इतके येत की आतल्या आत उत्तम वाद्यवृंद जमत. सॉनी रोलिन्स हा थोर सॅक्सोफोनवादक १९५५ साली तेथे उपचार घेऊन बरा झाला. पण बाहेर पडल्यावर तो लगेच वाजवायला गेला नाही. शिकागोत झाडलोटीची, ओझी उचलण्याची कामे करीत राहिला, कारण जेथे वाजवायचे त्याच क्लबांत ते विष मिळत होते. वाद्य तेच, बोटे तीच. प्रश्न बैठकीचा असतो. दाजी पखवाजाला भीत नव्हते, त्याच्या भोवतीच्या बैठकीला भीत होते, आणि गेल्या दोन महिन्यांत आम्ही दोन्ही एकत्र माळ्यावर टाकून मोकळे झालो होतो.

कोपऱ्यातल्या तसबिरीकडे पाहून आबा म्हणाले, "आमचे वडील ह्यांच्या कीर्तनाला गेले होते. पेटी नाही, तबला नाही. नुसत्या टाळ्या." गाडगेबाबांचे वडील दारूनेच गेले, हे पुष्कळांना माहीत असते. पुढे स्वतःच्या मुलीच्या बारशाला भाऊबंदांनी दारू-मटणाची अपेक्षा केली तेव्हा त्यांनी गोड जेवण वाढले आणि जातभाईंचा राग ओढवून घेतला. मग १९५६ साली देह ठेवीपर्यंत गावोगाव कीर्तने. हाताला येतील त्या दगडांचा टाळ, आणि लोकांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचे. दुसरीही एक रीत आहे. ह्याच नगर रस्त्याने शिरूरच्या पुढे गेले की आत राळेगण सिद्धी आहे. तेथे १९७५ नंतर यादवबाबांच्या देवळात शपथा घेऊन दारूच्या भट्ट्या बंद झाल्या, आणि शपथ मोडणाऱ्याला खांबाला बांधून फटके देण्यात आले. गावाचे त्यातून भले झाले, हे कोणी नाकारीत नाही. पण खांबाला बांधलेल्या माणसापुढे दुसऱ्या दिवशी टाळ कोण ठेवणार? मला विणेकऱ्याची रीत बरी वाटते. ती गाजत नाही, एवढेच.

गुरुजींच्या माडीवर आम्ही दोघे झोपलो. दाजी पुष्कळ वेळ जागे होते. एकदा अंधारात म्हणाले, "तो पोरगा सम धरतो, पण डग्ग्याची बाजू फार दाबतो. कणीक वाळली होती." मी हुंकार दिला आणि मला झोप लागली.

जाग आली तेव्हा चार वाजले नव्हते. शेजारची वळकटी रिकामी होती.

हा क्षण ज्याच्या घरात व्यसन आहे त्याला सांगायला नको. मी जिना उतरलो. मोरी पाहिली, परसदार पाहिले, दार नुसते लोटलेले होते. टॉर्च घेऊन रस्त्यावर आलो. माझ्या डोळ्यांपुढे कोरेगावच्या फाट्यावरची, आम्ही येताना पाहिलेली ती देशी दारूची पाटी आली. या वेळी दुकान बंद असणार, हे कळत होते. मागच्या दाराला वेळ नसते, हेही कळत होते. अक्काला काय सांगू, एवढाच विचार करीत मी त्या दिशेने दोनशे-तीनशे पावले चालून गेलो. थंडी होती. कुत्री भुंकू लागली. मग कोठून तरी ठक, ठक, असा लाकडावर लाकडाचा आवाज आला. तो समाधीच्या नव्हे, फाट्याच्याही नव्हे, देवळाच्या बाजूने येत होता.

मंडपात एकच दिवा होता. आबा समई पुसत होते. खांबापाशी दाजी बसले होते. मांडीवर मंडळाचा पखवाज आडवा, हातात लहानशी हातोडी, आणि ते पुडीच्या कडेने एकेक घाव घालीत कान लावून स्वर चढवीत होते. बाजूला ताटलीत भिजवलेली कणीक. रात्रीचा तो पोरगा समोर उकिडवा बसून डोळे मोठे करून पाहत होता.

मी दारातच उभा राहिलो. छाती अजून धडधडत होती. दाजींनी डाव्या पुडीवर कणकेचा गोळा थापला, अंगठ्याने दाबून पसरला, थाप दिली, पुन्हा दिली, आणि तोंड वाकडे केले. मग त्यांचे लक्ष माझ्याकडे गेले.

"बरा आलास," ते म्हणाले. "सैल झालीय. गुरुजींकडून मूठभर पीठ आण. आणि लवकर ये, मंडळी यायला लागतील."